काळी बिअर आंबट लागली म्हणून ओतून देऊ नका

दिवाळी किंवा मे महिन्याची सुट्टी संपली की एक प्रश्न हमखास येतो. मुलगा, भाचा, जावई, कुणीतरी पोर्टलंडहून किंवा अ‍ॅमस्टरडॅमहून येतं आणि कौतुकानं एक बाटली ठेवून जातं. आत काळंकुट्ट काहीतरी, बुचावर मेण ओतलेलं, लेबलवर लिहिलेलं : इम्पीरियल स्टाउट, वाइनच्या पिंपात मुरवलेली. बिअरच ती, म्हणून बाटली थेट फ्रीझरमध्ये जाते. मित्र जमतात, मसाला शेंगदाणे येतात, ग्लास काठोकाठ भरले जातात आणि पहिल्याच घोटाला तोंडं वाकडी होतात. "आंबलीय रे." "काढा आहे नुसता." तारीख बघावी तर ती उलटून वर्ष झालेलं. मग विचारणा सुरू होते : खराब झाली का? यात वाइन मिसळतात का? ही प्यायची तरी कशी?

माझ्या हातून पहिल्या वेळी हेच झालं. बर्फासारखी गार केली, स्टीलच्या पेल्यात ओतली, दोन घोट घेऊन पेला मोरीत रिकामा केला. बाटलीत तिसरा हिस्सा उरला होता, तो ओट्यावर तसाच राहिला. रात्री अकराला भांडी विसळताना सहज तोंडाला लावला तर जांभूळ, काकवी आणि भाजलेल्या कॉफीचा असा काही वास आला की आधी ओतून दिलेल्या पेल्याची हळहळ अजून जात नाही. बिअर तीच होती. फक्त तीन तास बाहेर राहिली होती.

तर आता क्रमाने.

आधी हे आहे काय

स्टाउट म्हणजे जव कॉफीसारखे काळे होईपर्यंत भाजून केलेली बिअर. अठराव्या शतकात लंडनच्या सदर्क भागातल्या अँकर ब्रूअरीतून तिचा कडक प्रकार रशियाच्या दरबारात जायचा, म्हणून 'इम्पीरियल' हे नाव चिकटलं. आज या नावाच्या बिअरमध्ये साधारण १० ते १४ टक्के मद्यार्क असतो, म्हणजे वाइनइतका.

ही तयार बिअर ओकच्या लाकडी पिंपात काही महिने, कधी वर्षभर किंवा जास्तही मुरवतात. पूर्वी त्या पिंपात बर्बन व्हिस्की असेल तर व्हॅनिला आणि जळक्या लाकडाचा स्वाद येतो. वाइन असेल तर गोष्ट वेगळी. बोर्दोचं नेहमीचं पिंप २२५ लिटरचं, बरगंडीचं २२८ लिटरचं. वाइन काढून घेतली तरी काही लिटर लाकडातच शोषलेली राहते. हिंग गेला तरी वास राहतो, त्यातलाच प्रकार. सहसा वरून वाइन ओतत नाहीत. लाकडात राहिलेली वाइन, लाकडाचा तुरटपणा आणि फटीफटींतून शिरणारी थोडी हवा एवढ्यावर काम होतं.

तुम्ही साधी स्टाउटसुद्धा कधी प्यायला नसाल, तर पहिली ओळख या बाटलीनं करून घेऊ नका. पुण्यात २००९ मध्ये डूलाली या ब्रूअरीपासून जागेवर बनवलेली बिअर मिळायला लागली. आता पुणे, मुंबई, बंगळूरमधल्या अशा बऱ्याच ठिकाणी अधूनमधून स्टाउट किंवा पोर्टर असते. ती आधी एकदा घ्या. भाजलेल्या धान्याचा कडूपणा जिभेच्या ओळखीचा झाला की या बाटलीत 'जास्तीचं' काय आहे ते कळतं.

लेबलवर काय बघायचं

- मद्यार्काचे टक्के. सगळ्यात आधी हेच. किती ओतायची ते यावरून ठरतं.
- पिंप कुठल्या वाइनचं. रेड वाइन असेल (पिनो न्वार, कॅबरने) तर तुरटपणा आणि गडद फळांचा स्वाद. व्हाइट वाइन असेल तर हलका, काहीसा लोण्याचा, खोबऱ्याचा. पोर्ट असेल तर मनुका आणि गोडी. शेरी असेल तर अक्रोड, सुकं अंजीर. नुसतं 'बॅरल एज्ड' असेल तर बहुधा व्हिस्कीचं पिंप समजा.
- सगळी मुरवलेली की थोडी. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात बेंड या गावी डेशूट्स ब्रूअरीची 'दि अ‍ॅबिस' नावाची स्टाउट बनते. तिचा काही भाग बर्बनच्या आणि काही पिनो न्वारच्या पिंपात मुरवून बाकीच्या बिअरमध्ये मिसळत आले आहेत. अशा मिश्रणात वाइन पुढे येत नाही, मागून डोकावते.
- ओकच्या ढलप्या. टाकीत ओकचे तुकडे टाकले तरी लाकडाचा स्वाद येतो, पण ते मुरवणं नव्हे. पैसे पिंपाचे मोजत असाल तर हा शब्द शोधा.
- 'सावर', 'वाइल्ड', 'ब्रेट'. यातलं काही लिहिलं असेल तर आंबटपणा किंवा रानटी वास मुद्दाम आणलेला आहे. तक्रारीला जागा नाही.
- लॅक्टोज. गोडीसाठी दुधातली साखर घालतात. दूध सोसत नसेल तर हे वाचल्याशिवाय घोट घेऊ नका.

तारखेबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण सर्वात जास्त बाटल्या तिच्यामुळे फुकट जातात. युरोपीय संघाच्या नियमांत १० टक्के किंवा त्याहून जास्त मद्यार्काच्या पेयांवर 'या तारखेपर्यंत उत्तम' असं छापणं बंधनकारक नाही. 'दि अ‍ॅबिस'च्या बाटल्यांवर तर 'या तारखेनंतर उत्तम' असं छापलेलं असायचं, म्हणजे तोवर थांबा! कडक स्टाउटच्या बाटलीवरची उलटलेली तारीख ही दुधाच्या पिशवीवरची तारीख नव्हे. ५ टक्क्यांच्या साध्या बिअरला मात्र हे लावू नका, तिथे ताजी तीच चांगली.

किती ओतायची : हिशेब आधी, घोट नंतर

३३० मिलीची बाटली, मद्यार्क १२ टक्के, म्हणजे सुमारे ४० मिली शुद्ध मद्यार्क. आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ६० मिलीच्या मोठ्या पेगमध्ये तो सुमारे २६ मिली असतो. म्हणजे ती इवलीशी बाटली एकट्यानं संपवली तर दीड पेग झाला. ५ टक्क्यांच्या ६५० मिलीच्या अख्ख्या बाटलीत ३२-३३ मिलीच भरतो. आणि ७५० मिलीची १२ टक्क्यांची बाटली म्हणजे साडेतीन मोठे पेग.

म्हणून माप कटिंग चहाचं ठेवा. माणशी १०० ते १२५ मिली पुष्कळ झाली. पाऊण लिटरची बाटली सहा जणांत उघडावी. तिघांत उघडली तर तिसऱ्या घोटानंतर चव कळत नाही आणि दुसऱ्या दिवशी डोकं कळतं. तिच्यात न आंबलेली साखरही बरीच उरलेली असते. मधुमेह असेल किंवा औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून मगच. गरोदरपणी तर नाहीच.

थंड किती, ग्लास कोणता

फ्रिजमध्ये ४ अंशांच्या आसपास असतं. ही बिअर १२ ते १४ अंशांवर बोलायला लागते. गारठ्यात वास दबतात आणि आंबट, कडू, तुरट एवढंच पुढे राहतं. 'काढा' म्हणणाऱ्यांचं निम्मं दुखणं इथेच आहे. फ्रीझर विसरा. बाटली फ्रिजमधून काढून पुण्याच्या थंडीत पाऊण तास, एप्रिलमध्ये पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवा. बाटलीला हात लावल्यावर माठातल्या पाण्याइतकी गार वाटली की झालं. उन्हाळ्यात उलटीही चूक होते. ३० अंशांवर ओतली की नाकात नुसता मद्यार्क चढतो.

ग्लास पोटाला फुगीर आणि तोंडाशी निमुळता हवा. ब्रँडीचा किंवा साधा वाइनचा चालतो, तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच भरा. स्टीलचा पेला नको, रंग दिसत नाही. बिअरचा दांडीचा मग नको, वास उडून जातो. काचेला भांड्यांच्या साबणाचा किंवा तेलाचा ओशटपणा राहिला असेल तर फेस धरत नाही, म्हणून गरम पाण्यानं विसळून उलटा ठेवून वाळवा. फेस तसाही कमीच येतो. इतक्या मद्यार्कात आणि इतके महिने पिंपात राहिल्यावर तो टिकत नाही, त्यावरून 'बसली' असं ठरवू नका.

उघडताना

मेण टोकरत बसू नका, तुकडे ग्लासात पडतात. बुचाच्या कडेखाली सुरीनं गोल चीर द्या, किंवा ओपनर मेणावरूनच लावून उचला. बूच वाइनसारखं असेल तर बाटलीचं तोंड माणसांकडे नको. आदल्या दिवशीपासून बाटली उभी ठेवा म्हणजे गाळ तळाशी बसेल. ओतताना एका दमात, कडेनं, हळू. शेवटचं बोटभर बाटलीतच राहू द्या. गाळ अपायकारक नसतो, पण त्याची खमिराची चव सगळ्यावर पसरते.

चाखायची कशी

ओतल्यावर लगेच पिऊ नका. ग्लास दिव्यासमोर धरा. काळ्याच्या कडेला तपकिरी की लालसर झाक दिसते ते बघा. रेड वाइनच्या पिंपातली असेल तर कधी कधी कडेला जांभळट छटा दिसल्यासारखी वाटते. फार विश्वास ठेवू नका, डोळा लेबल वाचून बघत असतो.

मग वास. नाक खुपसून जोरात ओढलात तर मद्यार्काचा झणका बसतो. तोंड किंचित उघडं ठेवून छोटे छोटे श्वास घ्या, ग्लास गोल फिरवा, पुन्हा घ्या. पहिला वास बहुतेक कॉफी आणि कोकोचा, तो भाजलेल्या जवाचा. त्याच्या मागे व्हॅनिला, लवंग, सुकं खोबरं आलं तर ते ओकचं. खोबऱ्याबद्दल शंका घेऊ नका. ओकच्या लाकडात खरोखरच खोबऱ्याच्या वासाचं एक द्रव्य असतं, अमेरिकन ओकमध्ये जास्त. आपण खोबरं भाजण्यात वाढलेली माणसं, हा वास आपल्याला आधी सापडायला हवा. त्याच्याही मागे आलुबुखार, चेरी, जांभूळ असं काही असेल तर ती वाइन.

वाइनच्या पुस्तकांतले 'ब्लॅककरंट', 'बॉयझनबेरी' हे शब्द पाठ करायची गरज नाही. ती फळं तुम्ही खाल्लेली नसतील तर तो शब्द तुमच्या जिभेला काही सांगत नाही. काकवी, खजूर, करपलेल्या पोळीची कड, चिंचेचा कोळ, आमसुलाचं आगळ, जुन्या शिसवी कपाटाचा आतला वास, असे आपले शब्द लावा. चवीची वही ठेवणार असाल तर त्यात हेच लिहा, सहा महिन्यांनी वाचताना उपयोगी पडतात.

आता घोट. चमचाभरच. जिभेवर फिरवून दोन-तीन क्षण धरा आणि गिळा. या पहिल्या घोटावर मत देऊ नका, तो तोंड तयार करायला असतो. दुसऱ्या घोटाला तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासा :

१. जिभेच्या कडांना काय झालं? लाळ सुटली तर आंबटपणा आहे.
२. हिरड्या आणि गालांच्या आत कोरडं पडलं का? हा तुरटपणा, लाकडाचा आणि द्राक्षाच्या सालीचा. जांभूळ खाल्ल्यावर तोंड धरतं ना, तसं.
३. गिळल्यावर काय राहिलं आणि किती वेळ? चांगल्या बाटलीत कॉफीचा कडूपणा ओसरल्यावर फळ परत येतं. वाईट बाटलीत नुसती आग राहते.

घरात नाशिकची कॅबरने किंवा शिराझ असेल तर शेजारी अर्धा पेला ठेवा. आधी स्टाउट, मग पाणी, मग वाइनचा एक घोट, पुन्हा स्टाउट. वाइनकडून काय आलंय ते या वेळी बोट ठेवून दाखवता येतं. एवढ्या सगळ्या उपचारातली हीच युक्ती मला सर्वात कामाची वाटते. नंतर पेला पंधरा मिनिटं तसाच ठेवून पुन्हा घ्या. तो बदललेला असतो.

आंबट की खराब?

मुख्य गोंधळ हाच. वाइनच्या पिंपात काही जंतू मुक्कामाला असतात आणि त्यांतले सगळे दुष्ट नसतात. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गमध्ये काम करणाऱ्या क्लाउसेन यांनी १९०४ मध्ये इंग्लंडच्या मुरवलेल्या बिअरमधल्या एका यीस्टचं वर्णन केलं आणि त्याला नाव दिलं ब्रेटानोमायसिस, म्हणजे 'ब्रिटिश बुरशी'. जुन्या इंग्लिश बिअरची खासियत त्यातूनच येते, असं त्यांचं म्हणणं होतं. तेव्हा थोडा तबेल्याचा, चामड्याचा वास आला तर घाबरू नका. आवडलाच पाहिजे असंही नाही.

बाकी असं ओळखा :

- आमसुलासारखा गोल आंबटपणा, मागून फळ : ठीक. पिंपाचा गुण.
- व्हिनेगर, नाकात झोंबणारं : पिंपात हवा जास्त शिरली. अगदी पुसट असेल तर काहींना चालतं, ठळक असेल तर दोष.
- नेलपॉलिशसारखा वास : दोष. पेला बाजूला ठेवा.
- ओल्या पुठ्ठ्याचा वास : बिअर शिळी झाली. गरम जागी ठेवलेल्या बाटल्यांचं हे ठरलेलं लक्षण.
- सोया सॉससारखी खारट चव : फार वर्षं राहिली. किंचित असेल तर सोसते.
- उघडताच कारंजं : बाटलीत नको ते आंबणं झालं. चव बघायला हरकत नाही, पण बहुधा निराशाच.
- नुसती तुरट, फळ नाही : बिघडलेली नाही, लाकडात जास्त राहिली. पैसे वाया, तब्येतीला धोका नाही.

ठरवता येत नसेल तर पेल्यावर बशी झाकून तासाभरानं पुन्हा बघा. गारठ्यामुळे वाटणारा आंबटपणा तोवर मवाळ होतो. व्हिनेगर मात्र वाढतच जातं.

सोबत काय

तिखट नको. मिरचीनं मद्यार्काची आग दुप्पट होते आणि मिसळीबरोबर कुठलीही स्टाउट हरते. शेव, फरसाण, चिवडा बिअरबरोबर हात आपोआप शोधतो, पण मिठानं आणि मसाल्यानं वाइनचा भाग झाकला जातो. भाजलेले बिनमिठाचे बदाम किंवा काजू, खजूर, कडू चॉकलेट, निळं चीज मिळालं तर ते. आपल्या घरातलं म्हणाल तर गुळाची पोळी तुपाशिवाय किंवा तिळाची वडी छान जमते, कारण दोन्हीत भाजलेलं आणि गूळ. बेताच्या तिखटाचं, भाजलेल्या सुक्या खोबऱ्याच्या वाटणातलं मटण मला आवडलं, ओकमधलं खोबरं त्याला भेटतं. पुरणपोळीबरोबर करून पाहिलं, गोडावर गोड चढलं, पुन्हा करणार नाही.

ठेवून द्यायची असेल तर

वाइनसारखी आडवी नाही, उभी ठेवा. अंधारात. आपल्या हवेत कपाटाचा वरचा कप्पा म्हणजे बाटलीची शिक्षा, विदर्भ-मराठवाड्यात तर दोन उन्हाळ्यांत ती संपते. फ्रिजचा भाजीचा कप्पा बरा. दोन-तीन वर्षांत कडूपणा उतरतो आणि खजूर-मनुका पुढे येतात, पण फळाचा ताजेपणा मात्र हळूहळू जातो. वाइनसाठीच घेतली असेल तर फार थांबू नका. एकसारख्या दोन बाटल्या असतील तर एक आता, एक दोन वर्षांनी, हा खरा अभ्यास. उघडलेली उरली तर घट्ट बंद करून फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवसापर्यंत.

विमान, कायदा आणि बिल

भारतातल्या अन्नसुरक्षा मानकांत 'स्ट्राँग' बिअर ५ ते ८ टक्क्यांपर्यंतच मोजली जाते. त्यामुळे १२ टक्क्यांची स्टाउट इथल्या 'वाइन शॉप'मध्ये (जिथे वाइन सोडून बाकी सगळं लवकर सापडतं) मिळणं कठीण, आणि बाटली बहुतेक वेळा कुणाच्या तरी बॅगेतूनच येते. तर :

- परदेशातून येताना प्रौढ प्रवाशाला दारू, वाइन, बिअर सगळं मिळून २ लिटर सीमाशुल्काशिवाय आणता येतं. जास्त असेल तर जाहीर करा. पावती जपा.
- २४ टक्क्यांच्या आतल्या मद्यावर विमानसुरक्षेची मर्यादा नसते, पण ते चेक-इन बॅगेतच. हातातल्या बॅगेत १०० मिलीचा नियम आडवा येतो. बाटली जाड मोज्यात, मोजा प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कपड्यांच्या मधोमध.
- महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, घरीसुद्धा. वाइन आणि सौम्य बिअरसाठी वय २१, बाकीच्यासाठी २५. ही बाटली सौम्य नव्हे. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, तिकडच्या पाहुण्यांना बाटली भेट देऊ नका.
- गाडी चालवणार असाल तर चमचाभरही नको. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर मद्यार्क सापडला की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं : पहिल्याच वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.
- दुकानदार छापील किमतीपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. बार आणि हॉटेल मात्र आपला दर लावू शकतात, म्हणून दर आणि ओतण्याचं माप मागवण्याआधी विचारा आणि बाटली टेबलावर आपल्यासमोर उघडायला सांगा.
- बिलात दारूवर जीएसटी लावला असेल तर तो चूक आहे. मद्य जीएसटीबाहेर आहे, त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. 'सर्व्हिस चार्ज' ऐच्छिक असतो, काढायला सांगता येतो. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

परदेशात राहणाऱ्या वाचकांसाठी एक सोपी वाट आहे. ब्रूअरीच्या टॅपरूममध्ये अशा बिअरचे छोटे चाखायचे ग्लास मिळतात. अख्खी बाटली घेऊन कुणाच्या बॅगेत टाकण्याआधी तिथे एकदा चाखा. आणि देताना सोबत चिठ्ठी लिहा : 'बाबा, फ्रीझरमध्ये ठेवू नका. चौघांनी मिळून प्या.'